मरतुकीचे नाव



दहा हजार कोंबड्यांच्या शेडमध्ये रोज थोडी मर असतेच. सकाळी कामगार आत शिरतो, रात्रीतून मेलेले पक्षी उचलून बाहेर आणतो आणि दाराशी टांगलेल्या वहीत आकडा टाकतो. तीन. दोन. चार. पुन्हा तीन. पोल्ट्रीवाल्यांच्या बोलण्यात ही मरतूक. कोंबड्यांच्या विषाणूंचा अभ्यास मोठमोठ्या प्रयोगशाळांत चालतो खरा, पण त्याचे पहिले पान म्हणजे ही मळकी वही. एखाद्या दिवशी तिच्यात अकरा हा आकडा येतो, दुसऱ्या दिवशी साठ, तिसऱ्या दिवशी चारशे. मग प्रश्न उभा राहतो. ही कसली मर? हिचे नाव काय?

आजचा विषय हा एवढाच प्रश्न आहे. पक्ष्यांच्या मरतुकीला नाव कसे मिळते, ते कोण देते, त्याला किती वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात काय काय होऊन जाते.

महाराष्ट्रापुढे हा प्रश्न २००६ सालच्या सुरुवातीला आला. नवापूर हे नंदुरबार जिल्ह्यातले, गुजरातच्या हद्दीला टेकलेले गाव. त्याच्या रेल्वे स्थानकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. अंड्यांच्या कोंबड्यांचा, म्हणजे लेअरचा, मोठा धंदा इथे उभा राहिला होता. तिथल्या शेडमधली मरतूक चढू लागली आणि पहिली शंका गेली ती मानमोडीकडे, म्हणजेच राणीखेतकडे. नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेत गेले आणि १८ फेब्रुवारी २००६ रोजी निदान जाहीर झाले : एच५एन१. बर्ड फ्लूचा भारतात सिद्ध झालेला हा पहिला उद्रेक.

पुढचे दिवस नवापूरने विसरावेत असे नव्हते. पांढऱ्या अंगरख्यातली पथके शेडमध्ये उतरली. बाधित शेडपासून तीन किलोमीटरच्या टप्प्यातल्या कोंबड्या, निरोगी दिसणाऱ्यासुद्धा, मारून पुरल्या गेल्या. त्यांची संख्या लाखांत होती. गुजरातच्या उच्छल तालुक्यातही तेच करावे लागले, कारण राज्याची हद्द माणसाला ठाऊक असते, विषाणूला नाही. माणसांचे नमुने तपासले गेले, त्यांत कुणालाही लागण आढळली नाही. तरीही देशभर चिकन आणि अंड्यांचे भाव कोसळले. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या गावांत, परसातल्या कोंबड्यांमध्ये, तोच विषाणू सापडला.

राणीखेत समजणाऱ्यांची तेव्हा चूक झाली होती का? हा प्रश्न नीट तपासला पाहिजे, कारण सगळी अडचण इथेच आहे. कोंबडी मलूल होते, पिसे फुलवून कोपऱ्यात बसते, घशातून घरघर येते, हिरवट हगवण लागते, अंडी एकाएकी घटतात, मग मरतूक. हे वर्णन राणीखेतचे आहे आणि बर्ड फ्लूचेही. शवविच्छेदनात पूर्वजठराच्या आतल्या अस्तरावर टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके दिसतात. तेही दोन्हींत दिसतात. तुरा आणि गलोल सुजून निळसर पडली, पायांच्या नळ्यांवर त्वचेखाली रक्त साकळले, तर अनुभवी पशुवैद्य बर्ड फ्लूकडे बोट दाखवतो. मान पिळवटलेले पक्षी दिसले तर राणीखेतकडे. पण तीव्र साथीत कित्येक पक्षी कोणतेही लक्षण न दाखवता, संध्याकाळी खाद्य खाऊन, सकाळी मेलेले सापडतात. डोळ्याला मरण दिसते. मरणाचे नाव डोळ्याला दिसत नाही.

ही गफलत नवापूरची नाही, ती या शास्त्राच्या जन्मापासूनची आहे. १८७८ साली उत्तर इटलीत एदोआर्दो पेरॉन्चितो यांनी कोंबड्यांच्या एका भयंकर साथीचे वर्णन केले. तिला पुढे पक्ष्यांचा प्लेग म्हटले गेले. १९०१ मध्ये चेंतान्नी आणि सावोनुत्सी या दोघांनी दाखवले की या रोगाचे कारण जीवाणू अडवणाऱ्या गाळणीतूनही पार जाते. म्हणजे तो विषाणू आहे. माणसाच्या फ्लूचा विषाणू हाती लागला १९३३ साली, लंडनमध्ये. त्याच्या तीस वर्षे आधी पक्ष्यांचा विषाणू प्रयोगशाळेत होता. पण या दोघांचे घराणे एकच आहे हे कळायला १९५५ साल उजाडले. जर्मनीतल्या वेर्नर शेफर यांनी सिद्ध केले की पक्ष्यांचा प्लेग म्हणजे इन्फ्लुएन्झा ए. अर्धशतकाहून अधिक काळ फ्लूचा विषाणू दुसऱ्याच नावाने वावरत होता.

राणीखेतची गोष्ट याच्या उलट आहे. तिथे एकाच रोगाला अनेक नावे पडली. १९२६ मध्ये जावा बेटावर आणि त्याच सुमारास इंग्लंडमध्ये न्यूकॅसल अपॉन टाइनजवळ कोंबड्या पटापट मेल्या. डॉयल यांनी १९२७ मध्ये दाखवले की हा पक्ष्यांचा प्लेग नव्हे. त्यासाठी त्यांनी वापरलेली युक्ती अगदी मूलभूत होती. एका रोगातून बरी झालेली कोंबडी दुसऱ्या रोगापासून वाचते का? वाचली नाही, तर रोग दोन. आपल्याकडे १९२८ मध्ये एडवर्ड्स यांनी कुमाऊँच्या डोंगरातल्या राणीखेत इथल्या साथीचे वर्णन केले आणि भारतात गावाचे नावच रोगाला चिकटले. जवळच मुक्तेश्वरला पशुवैद्यक संशोधनाची मोठी संस्था होती. तिथे पुढे तयार झालेल्या मुक्तेश्वर वाणाच्या लशीने या देशातल्या अगणित कोंबड्या वाचवल्या. आजही शेडमध्ये पिल्लू आठवड्याचे होते न होते तोच त्याच्या डोळ्यात लासोटा लशीचा थेंब पडतो आणि काही आठवड्यांनी पंखाखाली सुई टोचली जाते. राणीखेतवर लस आहे, तिचे वेळापत्रक पोल्ट्रीवाल्याला तोंडपाठ आहे. बर्ड फ्लूच्या जहाल वाणांसाठी मात्र भारताने अनेक वर्षे लशीचा मार्ग न धरता पक्षी नष्ट करण्याचा मार्ग धरला. म्हणून नाव ठरणे म्हणजे केवळ कागदावरची नोंद नव्हे. एका नावाने लशीची कुपी येते, दुसऱ्या नावाने खड्डा खणायचे यंत्र येते.

आता नाव ठरते कसे ते पाहू.

सुरुवात होते नमुन्यापासून, आणि बऱ्याच चुका इथेच होतात. मेलेल्या किंवा आजारी पक्ष्याच्या घशातून आणि गुदद्वारातून स्वॅब घेतात. त्याचे बोंडूक कृत्रिम धाग्याचे असावे लागते. कापसाचे बोंडूक आणि लाकडी काडी तपासणीत अडथळा आणतात. बोंडूक प्रतिजैविके घातलेल्या द्रवात बुडवतात, म्हणजे वाटेत जीवाणू वाढत नाहीत. कुपीवर पक्ष्याचा प्रकार, वय, लशींची नोंद, मरतुकीचा आकडा. मग कुपी एका डब्यात, डबा दुसऱ्या डब्यात, तो बर्फाच्या पेटीत : तीन आवरणे. महाराष्ट्रात हे नमुने पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागात येतात आणि शिक्कामोर्तबासाठी भोपाळला जातात. वाटेत बर्फ वितळला, उन्हातल्या गाडीत पेटी तापली, तर विषाणू मरतो, त्याचा जनुकीय धागा तुटतो आणि अहवाल येतो : आढळला नाही. असा अहवाल सगळ्यांत घातक. त्याने सगळ्यांचे समाधान होते आणि शेडमधली मरतूक चालूच राहते.

किती पक्ष्यांचे नमुने घ्यायचे? याचेही गणित आहे. मोठ्या कळपात दहा टक्के पक्षी बाधित असतील, तर मधून कुठूनही तीस पक्षी तपासल्यावर त्यांत निदान एक बाधित सापडण्याची शक्यता ९५ टक्के असते. लागण एकच टक्का असेल तर तेवढ्याच खात्रीसाठी सुमारे तीनशे पक्षी लागतात. रोग जितका नवा आणि थोडका, तितका तो शोधायला महाग. पण पकडण्यासाठी तीच वेळ सर्वांत चांगली असते.

भोपाळची ती प्रयोगशाळा आज राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्था म्हणून ओळखली जाते. आत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवलेला असतो. दार उघडले तर हवा आत ओढली जाते, बाहेर येत नाही. बाहेर पडणारी हवा बारीक गाळण्यांतून जाते, सांडपाणी निर्जंतुक करूनच सोडतात आणि माणूस अंघोळ करूनच बाहेर पडतो. एवढ्या बंदोबस्तात जे मुख्य साधन वापरले जाते, ते मात्र कुठल्याही स्वयंपाकघरातले आहे. अंडे.

विषाणू स्वतःहून वाढत नाही, त्याला जिवंत पेशी लागते. १९३१ मध्ये अमेरिकेत गुडपाश्चर आणि वुड्रफ यांनी कोंबड्यांच्या देवीचा विषाणू भ्रूण असलेल्या अंड्यात वाढवून दाखवला आणि अंडे हे विषाणुशास्त्राचे घरकुल झाले. बर्ड फ्लूसाठी नऊ ते अकरा दिवस उबवलेले अंडे घेतात. बाजारातले अंडे चालत नाही. लस घेतलेल्या कोंबडीच्या अंड्यात आईची प्रतिपिंडे उतरलेली असतात, ती विषाणूला दाबून टाकतील. त्यासाठी खास रोगमुक्त कळपातली अंडी लागतात. अंधाऱ्या खोलीत दिव्यापुढे अंडे धरले की कवच नारिंगी उजळते, आत झाडाच्या फांद्यांसारख्या रक्तवाहिन्या दिसतात आणि त्यांच्या मध्ये काळा ठिपका हलतो. ते पिल्लू. हवेच्या पोकळीची कड पेन्सिलने आखतात, बारीक छिद्र पाडतात, नमुन्याचे एक-दोन दशांश मिलिलिटर आत सोडतात, मेणाने छिद्र बुजवतात आणि अंडे ३७ अंशांवर ठेवतात. रोज पुन्हा दिव्यापुढे धरायचे. जहाल विषाणू असेल तर एक-दोन दिवसांतच फांद्या विझतात, ठिपका हलत नाही. मेलेले अंडे थंड करायचे, म्हणजे रक्तवाहिन्या आकसतात, आणि मग भ्रूणाभोवतीचा द्रव सुईने ओढून घ्यायचा. या द्रवात आता विषाणूंची लक्षावधी पिल्लावळ असते.

पण द्रव तर पाण्यासारखा स्वच्छ. त्यात विषाणू आहे हे कळणार कसे? १९४१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जॉर्ज हर्स्ट हाच द्रव काढत असताना भ्रूणाची एक रक्तवाहिनी फाटली. द्रवात सांडलेल्या तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून त्यांच्या गुठळ्या झालेल्या त्यांना दिसल्या. त्याच वर्षी टोरांटोत दुसऱ्या एका जोडगोळीलाही हेच दिसले. दुसऱ्या कोणी अंडे टाकून नवे घेतले असते. हर्स्ट थांबले आणि त्यांनी विचारले, या पेशी का चिकटल्या? उत्तर असे निघाले की फ्लूच्या विषाणूच्या अंगावर काटे असतात, त्या काट्यांनी तो तांबड्या पेशींना धरतो आणि एकीला दुसरीशी बांधतो. त्या काट्यातल्या प्रथिनाला पुढे हिमॅग्लुटिनिन म्हटले गेले. एच५ मधला एच तो हाच. एन म्हणजे न्यूरामिनिडेज, दुसरा काटा. पक्ष्यांमध्ये एच चे सोळा आणि एन चे नऊ प्रकार आढळले आहेत.

आजही ही चाचणी तशीच होते. प्लास्टिकच्या पट्टीत शहाण्णव वाट्या असतात, प्रत्येक वाटी तळाशी निमुळती. अंड्यातला द्रव पहिल्या वाटीत, मग निम्मा दुसरीत, त्याच्या निम्मा तिसरीत असा विरळ करत नेतात आणि प्रत्येकीत कोंबडीच्या तांबड्या पेशींचा पातळ द्राव टाकतात. मग थांबायचे. जिथे विषाणू नाही, तिथे पेशी घरंगळत तळाशी जमतात आणि कुंकवाच्या टिकलीसारखा लाल ठिपका दिसतो. पट्टी तिरपी केली की तो ओघळतो. जिथे विषाणू आहे, तिथे पेशींचे जाळे विणले जाते आणि वाटीभर फिकट गुलाबी चादर पसरते. महागडे यंत्र नको, डोळे आणि संयम पुरतो.

पण इथेही तोच जुना पेच आडवा येतो. राणीखेतचा विषाणूसुद्धा तांबड्या पेशींना असाच बांधतो! शेडमध्ये जी गफलत झाली, तीच वाटीत. मग चाचणी उलटी फिरवतात. वाटीत आधी राणीखेतविरुद्धची प्रतिपिंडे टाकतात. विषाणू राणीखेतचा असेल तर त्याचे काटे झाकले जातात, जाळे विणले जात नाही आणि लाल टिकली परत येते. तसे न झाल्यास एच५ ची प्रतिपिंडे, एच७ ची, एच९ ची. ज्या प्रतिपिंडापुढे तो नमतो, ते त्याचे नाव. डॉयल यांनी अख्ख्या कोंबड्यांवर केलेला प्रयोग वाटीत उतरला.

प्रतिपिंडांचा संच अपुरा असेल तर काय होते, याचे उदाहरण हाँगकाँगचे आहे. मे १९९७ मध्ये तिथे तीन वर्षांचा एक मुलगा फ्लूने दगावला. त्याच्या घशातून मिळालेला विषाणू माणसाच्या फ्लूसाठी ठेवलेल्या कोणत्याही प्रतिपिंडाला दाद देईना. नमुना परदेशी प्रयोगशाळांत गेला आणि ऑगस्टमध्ये कळले की हा एच५एन१ आहे, पक्ष्यांचा. तीन महिने. त्या वर्षाअखेर १८ जणांना लागण झाली, सहा जण मरण पावले आणि शहरातल्या दहा लाखांहून अधिक कोंबड्या मारल्या गेल्या. त्यानंतर तो उद्रेक तिथे थांबला.

अंड्याला दिवस लागतात. जहाल वाण एक-दोन दिवसांत बोलतो, पण पहिल्या फेरीत काही न मिळाल्यास दुसरी फेरी करावी लागते, आठवडा-दीड आठवडा जातो. आजची तातडीची चाचणी म्हणजे आरटी-पीसीआर, जे नाव कोविडच्या काळात घरोघर पोचले. फ्लूचा जनुकीय मजकूर आरएनएच्या आठ तुकड्यांवर लिहिलेला असतो. पीसीआरला मात्र डीएनए लागतो. म्हणून आधी आरएनएची उलटी नक्कल करून डीएनए बनवणारे विकर लागते. हे विकर आले कुठून?

इथे पुन्हा कोंबडीच भेटते. १९०९ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत छातीवर गाठ आलेली एक प्लिमथ रॉक कोंबडी आणली गेली. पेटन राउस यांनी ती गाठ वाटून, गाळून, पेशी नसलेला द्रव दुसऱ्या कोंबडीला टोचला आणि तिलाही कॅन्सर झाला. १९११ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले : कोंबडीचा कॅन्सर विषाणूने होतो. कोणी फारसे मानले नाही. त्यांना नोबेल मिळाले १९६६ साली, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी. त्याच विषाणूवर काम करताना हॉवर्ड टेमिन यांनी १९७० मध्ये हे उलट्या नकलेचे विकर शोधले. उंदरांच्या विषाणूत तेच विकर डेव्हिड बाल्टिमोर यांना सापडले, आणि १९७५ च्या नोबेलमध्ये दोघेही वाटेकरी झाले. पुढे कोंबड्यांच्याच दुसऱ्या एका कॅन्सर विषाणूतले विकर प्रयोगशाळांच्या कुप्यांमध्ये वर्षानुवर्षे वापरले गेले. कोंबडीचे अंडे, कोंबडीचे रक्त आणि कोंबडीच्या विषाणूचे विकर. आपल्या मरणाचे कारण वाचायची सगळी हत्यारे या पक्ष्यानेच माणसाला दिली, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

पीसीआरमध्ये आधी सर्व इन्फ्लुएन्झा ए विषाणूंत जवळपास सारखा असणारा तुकडा शोधतात. तो मिळाला की एच५ आणि एच७ विचारतात, मग एन. काही तासांत उत्तर येते. पण एच५ म्हटल्याने काम संपत नाही, कारण सगळे एच५ मारक नसतात. फरक कशात आहे? हिमॅग्लुटिनिनचा काटा कामाला लागण्याआधी पेशीतल्या विकराने तो एका ठिकाणी कापावा लागतो. सौम्य विषाणूत त्या जागी आर्जिनिन या अमिनो आम्लाचा एकच घटक असतो. तो कापणारी विकरे फक्त श्वासनलिकेत आणि आतड्यात असतात, म्हणून रोग तिथेच अडकतो. जहाल विषाणूत त्या जागी आर्जिनिन आणि लायसिनची माळ लागलेली असते. ती कापणारे विकर शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असते. मग मेंदू, हृदय, स्वादुपिंड, काहीच सुटत नाही. पूर्वी हे ठरवण्यासाठी दहा कोंबड्यांच्या शिरेत विषाणू टोचून दहा दिवस रोज गुण मांडत. निरोगी शून्य, आजारी एक, गंभीर दोन, मेलेली तीन. सरासरी १.२ च्या वर गेली तर वाण जहाल. ती कसोटी आजही मान्य आहे, पण त्या चार-सहा अक्षरांची माळ वाचली की पक्षी न मारताही उत्तर मिळते.

कोंबड्यांचे विषाणू एवढ्यावर संपत नाहीत, पण बाकीच्यांची ओळख थोडक्यात करून द्यावी लागेल. श्वासनलिकेच्या संसर्गजन्य दाहाचा विषाणू १९३० च्या दशकात अमेरिकेत ओळखला गेला. कोरोना घराण्यातला शास्त्राला भेटलेला हा पहिला विषाणू. मरेक या कोंबड्यांच्या विषाणूजन्य कॅन्सरवरची लस ही कोणत्याही कॅन्सरवरची पहिली यशस्वी लस ठरली. गंबोरो या रोगाचे नाव अमेरिकेतल्या डेलावेअरमधल्या गावावरून पडले. त्या रोगाचे विषाणू पिल्लाच्या शेपटीजवळच्या बर्सा या पिशवीवर हल्ला करतात. शवविच्छेदनात ती आधी सुजलेली, मग सुकून वाटाण्याएवढी झालेली दिसते. या पिशवीचे काम काय हे शतकानुशतके कळले नव्हते. १९५६ मध्ये ब्रूस ग्लिक यांनी दाखवले की ती काढली तर कोंबडी प्रतिपिंडे बनवू शकत नाही. माणसाच्या रक्तातल्या प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींना बी पेशी म्हणतात. त्यातला बी हा बर्साचा. म्हणून गंबोरो झालेल्या लॉटला राणीखेतची लसही नीट लागू पडत नाही. लस दिली होती, तरी मानमोडी आली, अशी तक्रार आली तर बर्सा उघडून पाहावी लागते.

आता सर्वांत कठीण भाग. जो विषाणू मारतो तो निदान आपली जागा दाखवतो. जो मारत नाही, तो? बदकांच्या अंगात बर्ड फ्लूचे अनेक विषाणू काहीही न करता राहतात. चीनमध्ये २०१३ साली एच७एन९ ने माणसे दगावली, तेव्हा कोंबड्या मात्र ठणठणीत दिसत होत्या. भारतातही एच९एन२ हा सौम्य विषाणू कोंबड्यांमध्ये पसरलेला आहे. तो अंडी घटवतो, इतर रोगांना वाट करून देतो आणि बातमी होत नाही. पण भारतात माणसाला झालेली त्याची पहिली लागण सापडली ती अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटात, २०१९ साली, कोरकू समाजातल्या दीड वर्षाच्या एका बाळात. श्वसनाच्या आजारांच्या पाहणीत घेतलेला त्याचा नमुना पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने तपासला. बाळ बरे झाले. ती पाहणी नसती तर तो आजार साधा सर्दी-ताप म्हणून विसरला गेला असता.

म्हणून मरण्याची वाट न पाहता पाहणी करावी लागते. पाणवठ्यांवर, जिवंत पक्ष्यांच्या बाजारात, आणि कावळ्यांवर. २००५ मध्ये चीनमधल्या चिंगहाय सरोवरावर डोक्यावर काळे पट्टे असलेले हजारो हंस मेले, आणि नवापूरला वर्षभरात पोचलेला विषाणू त्याच शाखेचा होता. हे हंस हिवाळ्यात उजनी आणि जायकवाडीच्या पाण्यावरही उतरतात. त्यांनीच नवापूरला रोग आणला असे मात्र त्यावरून ठरत नाही. अंड्यांचे ट्रे, खाद्याच्या गाड्या, पिल्लांची वाहतूक आणि माणसाच्या चपलाही विषाणू वाहून नेतात. जानेवारी २०२१ मध्ये हिमाचलच्या पोंग धरणावर हेच हंस मेले, राजस्थान आणि मध्य प्रदेशात कावळे मेले, परभणीतल्या मुरुंब्यात कोंबड्या मेल्या. फेब्रुवारीत पंधरा वर्षांनी पुन्हा नवापूर. जानेवारी २०२५ मध्ये लातूरच्या उदगीरमध्ये कावळे पडू लागले आणि भोपाळहून एच५एन१ चा अहवाल आला. त्याच सुमारास नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या याच विषाणूने दगावल्याचे निदान झाले. मार्च २०२४ मध्ये तर अमेरिकेत दुभत्या गायींच्या दुधात तो सापडला होता. गायीला बर्ड फ्लू होईल असे तोवर फारसे कुणाला वाटले नव्हते, म्हणून कुणी आधी तपासलेही नव्हते.

शेवटी मुद्दा येतो तो पुन्हा त्या वहीपाशी. आजच्या नियमांनुसार बाधित ठिकाणापासून एक किलोमीटरमधले पक्षी नष्ट केले जातात आणि दहा किलोमीटरपर्यंत पाहणी होते. ज्याच्या शेडमधून खबर निघते, त्याचीच शेड पहिली रिकामी होते. मग त्याने खबर का द्यावी? आठवडाभर गप्प राहून उरलेला लॉट विकला तर पैसे तरी मिळतील, हा विचार त्याच्या मनात येणारच. नष्ट केलेल्या पक्ष्यांची भरपाई केंद्र आणि राज्य मिळून देतात, पण खबर देण्याआधीच मेलेल्या पक्ष्यांना ती नाही. भरपाई पुरेशी आणि वेळेवर मिळणे हा दयेचा प्रश्न नव्हे. तो रोगनिदानाचाच भाग आहे, स्वॅब आणि बर्फाच्या पेटीइतकाच. भरपाई रखडली की पुढच्या वेळी वहीतला चारशेचा आकडा कुणाला दाखवला जात नाही. मग भोपाळची सगळी गाळणयंत्रे असून उपयोग नाही.

श्रोत्यांपैकी बहुतेकांची शेड नसेल. त्यांच्यासाठी दोन साध्या गोष्टी. पूर्ण शिजवलेले चिकन आणि अंडे खायला हरकत नाही. ७० अंश तापमानाला हा विषाणू टिकत नाही. आणि सकाळी फिरायला गेल्यावर झाडाखाली एकाऐवजी चार-सहा कावळे मेलेले दिसले, तर त्यांना हात लावू नये, कुत्र्याला तोंड लावू देऊ नये, तसेच पुरूनही टाकू नये. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या क्रमांकावर कळवावे आणि जागा, तारीख, किती पक्षी ते सांगावे.